पाखरांचा वाटा

आमचे शेत उत्तर सोलापूर तालुक्यातले. जमीन काळी आणि भारी, विहिरीला पाणी बेताचे, आणि पीक म्हणाल तर रब्बीची ज्वारी. मार्गशीर्ष-पौषात कणसे भरू लागली, की शाळेतून आल्याबरोबर दप्तर कोनाड्यात टाकायचे आणि माळ्यावर जाऊन बसायचे, हा माझा लहानपणचा उद्योग. चार मेढींवर बांधलेला तो माळा, हातात गोफण, आणि शेजारी टोपलीत निवडून ठेवलेले गोटे. चिमण्यांचे मला फारसे भय नसे. भय असे ते भोरड्यांचे. गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची ही पाखरे एकेकटी कधी येतच नाहीत. आभाळात एखादे फडके झटकावे तसा त्यांचा थवा वळे, आणि पाहता पाहता अर्ध्या शेतावर पसरे. मग गोफणीचा आवाज, माझे ओरडणे आणि शेजारच्या माळ्यावरून येणारी साथ, असा गदारोळ अंधार पडेपर्यंत चाले.

एवढ्या मोठ्या शेतात एकच जागा अशी होती, की तेथे गोफण फिरवायची मला मनाई होती. ओढ्याकडच्या कडेच्या चार ओळी. ही आज्ञा माझ्या आज्याची. त्यांना सारे गाव तात्या म्हणे. एकदा मी त्यांना रागानेच विचारले, "तात्या, तिथली कणसं आपली न्हाईत का?"

"आपली कशी असतील? चार वळी पाखरांच्या. बाकीचं राख."

"पण पाखरांना काय ठावं, त्यांच्या वळी कंच्या ते?"

"त्यास्नी न्हाई ठावं. तुला ठावं हाय न्हवं?" एवढे बोलून ते बैलांकडे गेले.

या चार ओळींची आठवण पुन्हा झाली ती थेट अमेरिकेत, २०१६ च्या डिसेंबरात. माझी मुलगी न्यू मेक्सिको राज्यात आल्बुकर्क शहरी असते. एका रविवारी तिने आम्हा उभयतांना पहाटे चारला उठवले, अंगावर असतील नसतील तेवढे लोकरीचे कपडे चढवायला लावले आणि मोटारीत घालून शंभरएक मैल दक्षिणेला नेले. रिओ ग्रांदे नदीच्या काठी बोस्के देल अपाचे म्हणून एक पक्षी अभयारण्य आहे. नाव स्पॅनिश, अर्थ अपाचे लोकांचे वन. अंधार, हाडे गोठवणारी थंडी, आणि पुढे उथळ पाण्यात काहीतरी कुजबुजते आहे एवढेच कळत होते. उजाडू लागले तेव्हा दिसले, की ते सारे पाणी पक्ष्यांनी भरले आहे. पांढरी शुभ्र हंसासारखी बदके, आणि त्यांच्यामध्ये उंच, राखी रंगाचे, कपाळावर तांबडा टिळा असलेले करकोचे. इंग्रजीत त्यांना सँडहिल क्रेन म्हणतात. आपल्या सारसाचेच हे भाऊबंद. सूर्य वर आला, आणि तो सारा जमाव खणखणीत आवाज करीत आमच्या डोक्यावरून निघून गेला. माझी बायको नकळत हात जोडून उभी राहिली होती.

ते गेले कोठे, हे पाहायला आम्ही पुढे निघालो. दोन मैलांवर मक्याचे शेत लागले. कणसे ताटावरच वाळून कडकडीत झालेली. आपल्याकडे असा मका केव्हाच खळ्यात गेला असता. त्या उभ्या पिकात मधूनच एक लांब पट्टा आडवा पाडलेला होता, आणि त्या पट्ट्यात शेकडो करकोचे निवांतपणे कणसे सोलीत होते. राखणदार नाही, बुजगावणे नाही. माझा हात नकळत खाली गेला. गोफणीचा गोटा शोधायला गेला असावा!

"अगं, हे केवढं नुकसान! शेतकरी गेला कुठे?" मी म्हणालो.

मुलगी हसू लागली. "नुकसान कसलं, बाबा? हे शेत त्यांच्यासाठीच पेरलंय."

त्या एका वाक्याने माझे पुढले दोन महिने घेतले. मुलगी-जावई कामावर गेली, की मी गावच्या ग्रंथालयात जाऊन बसत असे. माणसाने रानातल्या जीवांसाठी शेत पेरावे, हे प्रथम कोणाला सुचले? आणि का सुचले? तेथे जे वाचले आणि घरी परत आल्यावर जे धुंडाळले, ते आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो आहे.

या गोष्टीचा एक जुना धागा आपल्याच घरात सापडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी १९०५ साली म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती आली, आणि १९०९ साली ती छापून निघाली. त्या ग्रंथात राजाच्या मृगवनाची तरतूद आहे. या वनाला दार एकच, भोवती खंदक. आत गोड फळांची झाडे, झुडपे आणि वेली लावाव्यात, झाडे बिनकाट्यांची असावीत, पाण्याची तळी उथळ असावीत, असे बारकावे दिलेले आहेत. हरणे माणसाळलेली, आणि हिंस्र जनावरे असतील तर त्यांची नखे आणि दात काढून टाकलेले. म्हणजे फळझाडे लावली ती हरणांसाठी, आणि हरणे पोसली ती राजाच्या बाणासाठी. एवढेच असते, तर त्या बाणाची कथा सांगून मी गप्प बसलो असतो. पण कौटिल्य लगेच पुढे सांगतो, की राज्याच्या सीमेवर किंवा जमीन सोईची असेल तेथे आणखी एक मृगवन वसवावे, आणि तेथे सर्व पशू पाहुणे म्हणून राहावेत. पाहुणे हा शब्द माझा नव्हे. मूळ संस्कृतात अतिथी असाच शब्द आहे. एका वनात पशू भक्ष्य, दुसऱ्यात अतिथी. झाडे मात्र दोहोंकडे लावायची. पुढच्या दोन हजार वर्षांचा सारा वाद या दोन वनांत आधीच मांडून ठेवलेला आहे.

आता अमेरिकेकडे वळू. एकोणिसाव्या शतकात त्या देशाने रानातल्या जीवांचा जो संहार केला, त्याला तोड नाही. पॅसेंजर पिजन नावाचे कबुतर तेथे एवढे होते, की त्यांच्या थव्यांनी सूर्य झाकला जाई. त्या जातीतले शेवटचे पाखरू, मार्था नावाची मादी, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. तेव्हा लोकांचे डोळे उघडले. शिकारीवर बंदी घाला, अभयारण्ये राखा, असे कायदे होऊ लागले. पण बंदी घातली म्हणजे पाखरांचे पोट भरते असे नाही. हे ज्याने प्रथम नीट दाखवून दिले, त्याचे नाव हर्बर्ट स्टॉडार्ड.

हा गृहस्थ फारसा शिकलेला नव्हता. संग्रहालयांसाठी पक्ष्यांत पेंढा भरून ठेवणे हे त्याचे काम. दक्षिणेत जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या सीमेवर उत्तरेकडच्या धनिकांनी शिकारीसाठी मोठमोठ्या जमिनी घेऊन ठेवल्या होत्या. शिकार कशाची, तर बॉबव्हाइट नावाच्या, आपल्या लाव्यासारख्या दिसणाऱ्या पक्ष्याची. नर स्वतःचे नाव घेत शिटी घालतो, म्हणून हे नाव. हे पक्षी कमी होऊ लागले, तेव्हा जमीनदारांनी पैसे उभे केले आणि १९२४ साली सरकारी जीवविज्ञान खात्यामार्फत स्टॉडार्डला तपासाला लावले. तो तेथेच राहिला. पक्ष्यांच्या पोटातले दाणे काढून काढून ते कोणत्या वनस्पतींचे, याचा तपास झाला. शिकारी पक्षी लाव्यांचा फडशा पाडतात अशी तक्रार होती, म्हणून त्यांनी टाकलेल्या गुठळ्या फोडून पाहिल्या, तर त्यांत निघाले बहुतेक उंदीर. आणि हे उंदीर तर लाव्यांची अंडी खाणारे! १९३१ साली त्याचा जाडजूड ग्रंथ बाहेर पडला.

त्या ग्रंथातून मला जो बोध झाला, तो एकदम सोलापुराकडे घेऊन जाणारा होता. बॉबव्हाइट पोसले होते ते धनिकांनी नव्हे. ते पोसले होते त्या जमिनी वाट्याने कसणाऱ्या गरीब कुळांनी, त्यांतही बहुतांशी काळ्या लोकांनी, आणि तेही नकळत. त्यांची शेते लहान आणि वेडीवाकडी. कुंपणाच्या कडेला तण माजलेले, मधूनच एखादा तुकडा पडीक. हिवाळा सरता सरता वाळले गवत पेटवून द्यायची त्यांची जुनी चाल. त्या जळलेल्या जमिनीतून रानवाटाण्याच्या जातीची झुडपे वर येत, आणि त्यांचे बी हेच या पक्ष्यांचे हिवाळ्यातले मुख्य अन्न. गरिबाच्या शेताचा गबाळेपणा हेच पाखरांचे कोठार होते. शेती नेटकी झाली, विस्तव लावायला वनखात्याची मनाई आली, आणि कोठार रिकामे झाले. विस्तवाची बाजू घेणारे प्रकरण त्या वेळच्या सरकारी मताच्या इतके विरुद्ध होते, की छापण्यापूर्वी स्टॉडार्डला ते पुन्हा पुन्हा सौम्य करून लिहावे लागले. पूर्वी जे आपोआप उगवत होते, ते आता मुद्दाम राखावे आणि पेरावे लागणार होते. तणाच्या कडा, दाण्यांचे छोटे छोटे तुकडे, आणि ठरावीक काळाने लावलेला विस्तव, हा त्याचा उपाय.

याच सुमारास आल्डो लिओपोल्ड हा दुसरा माणूस पुढे आला. योगायोग असा, की तरुणपणी वनखात्याच्या नोकरीत तो माझ्या मुलीच्या त्याच आल्बुकर्क गावी राहून गेलेला. १९३३ साली त्याने या विद्येवर पहिले मोठे पाठ्यपुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात या विषयाची प्राध्यापकी त्याच्यासाठी निर्माण झाली. कुऱ्हाड, नांगर, गुरे, विस्तव आणि बंदूक यांनी जे रान उजाड केले, ते त्याच हत्यारांनी पुन्हा उभे करता येईल, असे तो सांगे. आणि नुसते सांगे असे नाही. १९३१ पासून विस्कॉन्सिनमधल्या रायली गावच्या शेतकऱ्यांना आणि काही शहरी शिकाऱ्यांना त्याने एकत्र आणले. जमीन शेतकऱ्यांनी द्यायची, खर्च शहरवाल्यांनी सोसायचा. शेतात दाण्याचे तुकडे राखायचे, बर्फाच्या दिवसांत चारा मांडायचा, आणि परवानगीवाचून कोणी शेतात शिरायचे नाही. खाऊ घालणारा एक आणि खर्च देणारा दुसरा, ही गोष्ट येथे उघडपणे बोलली गेली, हे मला महत्त्वाचे वाटते. १९४८ साली शेजाऱ्याच्या गवताला लागलेली आग विझवायला लिओपोल्ड धावला, आणि तेथेच हृदय बंद पडून गेला.

बोस्केची कथा याच काळातली. रिओ ग्रांदेला पूर्वी पूर येई, काठची कुरणे भिजत, आणि त्यांत रानटी बी पिके. धरणे आणि कालवे झाले, नदी आवरली गेली, आणि पाखरांची ही फुकटची पंगत उठली. १९३९ साली सरकारने तेथे अभयारण्य केले. मंदीतल्या बेकार तरुणांनी बांध घातले, चर खणले. १९४१ साली तेथे मोजले तर करकोचे भरले अवघे १७. मग गेलेला पूर माणसांनी हाताने आणायला सुरुवात केली. उन्हाळ्यात तळ्यातले पाणी सोडून द्यायचे, ओल्या गाळात रानटी बी उगवू द्यायचे, आणि शरदात पुन्हा पाणी भरायचे. या रानटी झाडांत आपल्या नागरमोथ्याची एक बहीण आहे. तिचे कंद करकोचे चिखल उकरून खातात. पण तेवढ्याने भागेना, म्हणून शेती. आसपासच्या शेतकऱ्यांशी वाट्याचा करार झाला: अभयारण्याच्या जमिनीवर लसूणघास पिकवा, तो तुमचा, मका पिकवा, तो पाखरांचा. ही रीत तेथे बरीच वर्षे चालली. मका एकदम पाडायचा नाही. थोडा थोडा पट्टा आडवा करायचा, म्हणजे हिवाळा सरेपर्यंत पुरतो. अलीकडच्या दशकांत कित्येक हिवाळ्यांत तेथे दहा हजारांवर करकोचे उतरले आहेत.

यात नुसती दया नव्हती, हेही सांगितले पाहिजे. पाखरे सरकारी मक्यावर बसली, म्हणजे शेजाऱ्याच्या पिकावर बसत नाहीत. कॅलिफोर्नियात धानाच्या शेतांवर रानबदकांचे थवे उतरू लागले, तेव्हा शेतकऱ्यांच्या ओरडीवरून १९४८ साली कायदा करून सरकारने जमिनी घेतल्या, आणि बदकांसाठी वेगळी शेते पेरली. गोफणीऐवजी पान वाढून पाहुण्याला दुसऱ्या ओसरीवर बसवावे, तसा हा प्रकार.

येथवर वाचून कोणाला वाटेल, की चला, सारा प्रश्न सुटला. पण या पंगतीत खडेही पुष्कळ निघाले. पहिला खडा लबाडीचा. पाण्याकाठी दाणे टाकायचे, बदके जमली की झुडपाआडून गोळ्या घालायच्या, हा धंदा इतका बोकाळला, की १९३५ साली अमेरिकन सरकारला दाणे टाकून बदके मारण्यावर बंदी घालावी लागली. उभ्या पिकाची गोष्ट वेगळी, टाकलेल्या दाण्याची वेगळी, असा भेद कायद्याने केला. तरी कौटिल्याच्या दोन वनांमधले कुंपण किती ठेंगणे आहे, हे त्यावरून कळते.

दुसरा खडा उत्साहाचा. जपानहून आणलेला मल्टिफ्लोरा नावाचा झुपकेदार गुलाब मृदसंधारणाच्या खात्याने १९३० नंतरच्या काळात शेतकऱ्यांना वाटला. कुंपण होईल, माती धरील, फळे पाखरे खातील. पाखरांनी ती खाल्ली. आणि बी सगळ्या कुरणांत टाकले. आज कित्येक राज्यांत तो उपद्रवी तण म्हणून जाहीर झाला आहे. आपल्याकडच्या वेड्या बाभळीची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगणे नको. आणि तिसरा खडा गर्दीचा. एका ताटात फार जण जेवू लागले, की एकाचे दुखणे सर्वांना. पक्ष्यांच्या पटकीची साथ अमेरिकेतल्या रानबदकांत १९४४ साली प्रथम आढळली, आणि दाटीने बसणाऱ्या थव्यांत ती पुढे वरचेवर येत राहिली. म्हणूनच जाणते लोक सांगतात, की पेरायचे ते तिथले असावे, थोडे थोडे आणि विखरून असावे, आणि रानाने आपोआप जे दिले असते त्याच्या जवळपास असावे.

हे सारे डोक्यात घेऊन मी परत आलो, आणि आमच्या शेताकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो.

आमच्या शिवारापासून जवळच नान्नज. १९७० च्या दशकात अवर्षणप्रवण भागाच्या योजनेतून तेथे गवताचे तुकडे राखले गेले. राखले ते गुरांसाठी. पण त्या गवतात माळढोक राहू लागले. १९७९ साली अभयारण्य झाले. ते कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या घरात गेले, आणि त्यात लोकांची गावे, शेते, सारे काही आले. जमीन विकायची तर अडचण, घर बांधायचे तर अडचण. पाखरापायी आपण अडकलो, असे लोक म्हणू लागले. २०१२ साली ते क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आणले गेले. तोवर बहुतेक माळढोक गेले होते. वाटा मागितला गेला तो न विचारता, आणि मोबदल्यावाचून. रायलीच्या शेतकऱ्यांना जे विचारले गेले, ते येथे कोणी विचारले नाही.

पण मी दुसऱ्याला कसा नावे ठेवू? १९७२ च्या दुष्काळात आमची बहुतेक ज्वारी करपली. विहिरीच्या काठचा वीस गुंठ्यांचा तुकडा तेवढा कसाबसा उभा होता. तात्यांनी तेथेही कडेच्या चार ओळी सोडल्या होत्या. घरात नऊ माणसे. मी बावीस वर्षांचा, सगळे कळते असे समजणारा. एका सकाळी तात्या उठण्यापूर्वी मी विळा घेऊन गेलो, आणि त्या चार ओळी कापून आणल्या. तात्यांनी ती कणसे अंगणात पाहिली. ते रागावले नाहीत. "बरं केलंस, पोरं उपाशी हायेत," एवढेच म्हणाले. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. पण त्या चार ओळी कोणी सोडल्या नाहीत. मी सोडल्या नाहीत, आणि तात्यांनीही सांगितले नाही. १९७४ साली ते गेले. भुकेल्या घरात मी कापल्या, त्याचे मला आज वाईट वाटत नाही. भरल्या घरात पुन्हा पेरल्या नाहीत, त्याचे वाटते.

आता शेत माझा पुतण्या पाहतो. उजनीचे पाणी या जिल्ह्यात आल्यापासून शिवारात उसाचे राज्य वाढले, आणि आमच्याही निम्म्या रानात ऊस आहे. बांध नांगरून नांगरून हातभर उरले. तण औषधाने मारले जाते. शेत नेटके आहे, फार नेटके आहे. गेल्या वर्षी मी त्याला म्हणालो, "ओढ्याकडची चार गुंठे ज्वारी पाखरांसाठी सोडशील का?"

तो चांगला मुलगा आहे. हसला नाही. म्हणाला, "सोडतो की, काका. पण चार गुंठ्यांचं कोण भरून देणार?"

प्रश्न रास्त होता. तात्यांनी तो कधी विचारला नाही, कारण ते स्वतःच्या ताटातून देत होते. मी देणार तो दुसऱ्याच्या कष्टातून. म्हणून आम्ही दोघांनी ओसरीवर बसून हिशेब केला: बी, मशागत आणि चार गुंठ्यांतून निघाली असती ती ज्वारी. तेवढे पैसे दर वर्षी मी द्यायचे. कडबा त्याचा, कणसे पाखरांची. बोस्केच्या करारात लसूणघासाच्या जागी कडबा आला, एवढाच काय तो फरक.

यंदा हस्ताच्या पावसावर पेरणी झाली. बी आमचेच, मालदांडी. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा ताटे गुडघ्यापर्यंत आली असतील. भोरड्या येतील का, हे मी सांगू शकत नाही. पूर्वीसारखे थवे हल्ली दिसत नाहीत. ही पाखरे उन्हाळ्यात मध्य आशियाकडे परततात, आणि तिकडे टोळ खातात. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर त्यांनी यावे आणि टोळ आवरावेत, म्हणून माणसे दगडांचे ढीग रचून त्यांना घरट्यांची सोय करून देतात. आमच्याकडचा चोर, तिकडचा राखणदार! तात्या म्हणत, ती कुणाच्या तरी घरची आहेत. ते कोणाच्या, हे कळायला मला साठ वर्षे लागली.

पौषात मी गावी जाणार आहे. पुतण्याने माळा बांधून ठेवतो म्हटले आहे. बाकीची ज्वारी राखायला हवीच. गोफणही त्याने माळ्याच्या खोलीतून शोधून काढली आहे. ओढ्याकडे मात्र पाठ करून बसेन.